ऐकलंत का, ट्री-अल्फाचं फिसकटलं!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा कुंपणाशी या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही. ट्री-अल्फाचं फिसकटलं! हो ना, क्लिकवाल्यांशीच. सगळे कसे आस लावून बसले होते, की ग्राफांच्या ज्या घराण्यात ट्रीविड्थ क्लिकच्या मुठीत आहे, त्या घराण्यात ट्री-अल्फासुद्धा आटोक्यात असणारच. एकीचं ठरलं की दुसरीचं ठरलंच म्हणून समजा. आणि २०२४मध्ये मारिया चुडनोव्स्की आणि निकोला त्रोतिन्यों यांनी असं एक चाक आणून दारात उभं केलं, की… पण थांबा. आधी घरातलं सांगते, नाहीतर कोण कुणाची कोण याचा पत्ता लागायचा नाही. तुम्हाला म्हणा सगळं ठाऊकच आहे.

घर एकच हो! ट्री डीकम्पोझिशनचं. एक ग्राफ घ्यायचा, एक झाड घ्यायचं, झाडाच्या प्रत्येक गाठीवर एक पिशवी टांगायची आणि पिशव्यांत ग्राफचे बिंदू भरायचे. नियम तीनच. प्रत्येक बिंदू कुठल्या तरी पिशवीत हवा. ज्या दोघांमध्ये कड आहे ते दोघं निदान एका पिशवीत तरी एकत्र हवेत. आणि एकच बिंदू ज्या ज्या पिशव्यांत सापडतो, त्या पिशव्या झाडावर सलग हव्यात, मध्येच गायब होऊन पलीकडे उगवायचं नाही. एवढ्यावर अख्खं खानदान उभं आहे. भांडण आहे ते पिशवी मोजायची कशी यावरून. थोरली म्हणते, डोकी मोजा. दुसरी म्हणते, डोकी कसली मोजता, एकमेकांपासून किती लांब आहेत ते मोजा. तिसरी रंग काढून बसते. आणि धाकटी…

धाकटीचं येतंच. आधी थोरली. ट्रीविड्थ हो! सगळ्यांत मोठ्या पिशवीतली डोकी मोजते आणि त्यातून एक वजा करते. का, तर साध्या झाडाची ट्रीविड्थ १ यावी म्हणून! कडेची दोन टोकं एका पिशवीत येणारच, तेव्हा दोन वजा एक. आता हौस म्हणा किंवा काय म्हणा, पण त्या एका वजाबाकीपायी बाकीच्यांना तिच्याशी नातं सांगताना जन्मभर ‘अधिक एक, अधिक एक’ करत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर ही वजाबाकी करायलाच नको होती. पण आता कोण बोलणार?

आणि हिची बारशी किती झाली माहितीये ना? १९७२मध्ये बेर्तेले आणि ब्रिओस्की या दोघा इटालियनांनी तिला ‘डायमेन्शन’ म्हणून हाक मारली. फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९७६मध्ये जर्मनीच्या हालिननं तीच पुन्हा शोधून काढली. तेव्हाही कुणी ओ दिली नाही. मग ऐंशीच्या दशकात नील रॉबर्टसन आणि पॉल सेमूर आले, ‘ग्राफ मायनर्स’ची ती लांबच लांब लेखमाला सुरू झाली, तेवीस लेखांची, आणि थोरलीला ट्रीविड्थ हे नाव कायमचं चिकटलं. आधीच्या दोघांचा उल्लेख आता तळटिपेत होतो. बिचारे.

आणि त्या सेमूरांचं मला कमाल कौतुक वाटतं बाई. या घराण्यात कुणाचीही पत्रिका उघडा, त्यांचं नाव आहेच. ट्रीविड्थ घ्या, आहेत. ब्रँचविड्थ घ्या, आहेत. शेजारच्या गल्लीतली रँकविड्थ, तिथे संग-इल ओम यांच्याबरोबर तेच. पुढे बघाच तुम्ही, आणखी ठिकठिकाणी निघतील.

तर काय सांगत होते… हां, थोरलीच्या बहिणी. पाथविड्थ तुम्ही पाहिलीच आहे, ताठ! तिला झाड चालतच नाही, पिशव्या एका सरळ रेघेत हव्यात. साहजिकच ती ट्रीविड्थपेक्षा कधी लहान पडत नाही. थोरली जिथे १वर हसत बसते, अशा साध्यासुध्या झाडावरसुद्धा हिचा आकडा फांद्यांबरोबर वाढतच जातो. फार नाही, बिंदूंच्या संख्येच्या लॉगरिदमच्या पटीपलीकडे थोरलीपासून लांब जात नाही, पण वाढतो. आणि हिच्याही वरची ट्रीडेप्थ! नेशेत्रिल आणि ओसोना द मेंडेझ यांची लाडकी. हजार बिंदूंची सरळ वाट घ्या, पाथविड्थ म्हणते १, आणि ट्रीडेप्थ म्हणते १०. तिथे पाथविड्थचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. आयुष्यभर जी दुसऱ्यांना ताठपणा दाखवत आली, तिच्याहून कडक कुणी निघालं!

थोरली आणि पाथविड्थ यांच्यातला फरक कुणी नेमका सांगितला असेल तर तो त्या चोर-पोलिसांनी. चोर ग्राफवर सैरावैरा पळतोय, पोलीस हेलिकॉप्टरनं कुठेही उतरू शकतात. चोर दिसत असेल, तर ट्रीविड्थ अधिक एक इतके पोलीस पुरतात, आणि त्याहून कमी पुरत नाहीत. हे सेमूर आणि रॉबिन थॉमस यांनी १९९३मध्ये दाखवलं. चोर दिसतच नसेल तर? तर मग पाथविड्थ अधिक एक लागतात. म्हणजे या दोघी बहिणींमधलं सगळं अंतर कशाचं, तर चोर डोळ्यांना दिसतोय की नाही एवढ्याचं. बरं आहे की नाही?

आता खरी मजा. मघाशी म्हटलं ना, एक जण अंतर मोजते. ट्रीलेंथ. दुरिसबूर आणि गाव्वाल यांनी २००७मध्ये तिला मांडलं. पिशवीतले दोघं मूळ ग्राफमध्ये एकमेकांपासून जास्तीत जास्त किती पावलं लांब आहेत, एवढंच ती बघते. पिशवीत किती माणसं कोंबली आहेत याच्याशी तिला देणंघेणं नाही. एकदा काय झालं, थोरली आणि ट्रीलेंथ एकाच घरी पोचल्या. तीनशे बिंदूंचा पूर्ण ग्राफ, सगळ्यांची सगळ्यांशी ओळख. थोरली कपाळाला हात लावून म्हणाली, २९९! कारण अशी सगळ्यांची ओळख असलेली टोळी, म्हणजे क्लिक, आली की ती अख्खी एका पिशवीत बसवावीच लागते, पळवाट नाही. ट्रीलेंथनं शांतपणे डोकं हलवलं, म्हणाली, माझा आकडा १, सगळे एका पावलावर. थोरलीचं तोंड एवढंसं झालं. पण थांबा, पुढच्या घरी गेल्या. तिथे तीनशे बिंदूंचं वर्तुळ, प्रत्येकाचे दोनच शेजारी. थोरली म्हणाली, २. आणि ट्रीलेंथला घाम फुटला, कारण एन बिंदूंच्या वर्तुळाला तिचा आकडा एनचा तिसरा हिस्सा, म्हणजे इथे १००! तेव्हापासून दोघी एकमेकींना आव्हान देत नाहीत. कुणीच कुणाच्या मुठीत नाही.

आणि सांगू? तिथेही सेमूर निघाले! एली बर्गर यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की ट्रीलेंथ मर्यादित असणं म्हणजे ग्राफ लांबून बघितला तर झाडासारखाच दिसणं. बिंदूंना झाडावर असं नेऊन ठेवता येतं, की कुणाही दोघांमधलं अंतर ठरलेल्या आकड्याहून जास्त बदलत नाही. एक लेख, आणि तिकडे भूमितीवाले ज्या गोष्टीवर वेगळ्याच कोपऱ्यात बसून काम करत होते ती आणि ही एकच, हे उघड झालं. आणि थोरली आधीच मर्यादेत असेल, तर ग्राफमध्ये लांब ‘सरळ अंतराचं’ वर्तुळ नसणं एवढं पुरतं, असं डीस्टेल आणि म्युलर यांनी आधीच सांगितलं होतं. थोरली मर्यादेत नसेल तर मात्र ते पुरत नाही. बघा, इथे तिला वगळून कुणाचंच भागत नाही. वरून कितीही नाकं मुरडू देत.

रंगवालीचं सांगायचं राहिलं. ट्री-क्रोमॅटिक नंबर. हिचंही बारसं सेमूरांनीच केलं, २०१६मध्ये. म्हटलं नव्हतं? ही पिशवीतली माणसं मोजत नाही, एकेका पिशवीतल्या मंडळींना रंगवायला किती रंग लागतील एवढंच बघते. एकमेकांशी कड असलेल्यांना वेगळे रंग, नेहमीचंच. आता तुम्ही म्हणाल, अख्ख्या ग्राफला जितके रंग लागतात त्याच्याच आसपास हिचा आकडा येत असेल. अहो, कसलं काय! ते शिफ्ट ग्राफवाले माहीत आहेत ना? बिंदू म्हणजे आकड्यांच्या जोड्या, लहान आधी, मोठा नंतर. आणि एका जोडीचा शेवट तीच दुसऱ्या जोडीची सुरुवात असेल तर दोघींमध्ये कड. एक ते हजार आकडे घ्या, तर या ग्राफला रंग लागतात दहा, आणि आकडे वाढवत न्या, रंग वाढतच जातात. पण रंगवाली म्हणते, मला दोनच पुरे! प्रत्येक आकड्यासाठी एक पिशवी, तो आकडा ज्यांच्या पोटात किंवा टोकाशी येतो त्या सगळ्या जोड्या आत. जिथे हा आकडा शेवटचा त्या एका रंगात, बाकी सगळ्या दुसऱ्यात. झालं काम. आणि पिशव्या सरळ रेघेत, झाडाचीसुद्धा गरज पडली नाही. पिशवीत हजारो जोड्या कोंबलेल्या, थोरलीला बघवत नव्हतं, पण रंगवाली आपली दोन रंगांच्या डब्या हलवत उभी.

हं, तर आता धाकटी. ट्री-अल्फा. पूर्ण नाव ट्री-इंडिपेन्डन्स नंबर. ही काय बघते? पिशवीतले एकमेकांशी अबोला असलेले, म्हणजे आपसांत एकही कड नसलेले, जास्तीत जास्त किती जण आहेत ते. सगळ्यांची सगळ्यांशी ओळख असलेली भली मोठी पिशवीसुद्धा हिच्या हिशेबात १च. म्हणून कॉर्डल ग्राफवर, म्हणजे जिथे चार किंवा अधिक बिंदूंच्या प्रत्येक वर्तुळात मधून जाणारी कड असते तिथे, ही अगदी खुशीत असते. तिचा आकडा १ येतो तो नेमका कॉर्डल ग्राफवर, आणि फक्त तिथेच. पूर्ण द्विभाजित ग्राफ मात्र दाखवू नका तिला. पन्नास एका बाजूला, पन्नास दुसऱ्या बाजूला, या सगळ्यांची त्या सगळ्यांशी ओळख, पण एकाच बाजूच्या दोघांमध्ये अबोला. तिथे धाकटीचा आकडा पन्नासवर जातो. रंगवालीचा तिथे दोन, ट्रीलेंथचाही दोन. दोघी धाकटीकडे बघून अशा हसल्या म्हणता!

हिचंही बारसं दोन ठिकाणी. एकीकडे योलोव यांनी २०१८मध्ये आणलं, दुसरीकडे स्लोव्हेनियातल्या कोपरच्या मिलानिच, श्टॉर्गेल आणि त्यांच्याबरोबरचे दालार यांनी स्वतंत्रपणे. पण गाजावाजा कोपरवाल्यांनी केला, लेखांची मालिकाच काढली, ‘ट्रीविड्थ व्हर्सेस क्लिक नंबर’ नावाची. आणि गाजावाजा का नको? अहो, ही मर्यादेत असली आणि पिशव्या हातात असल्या, की मोठ्यात मोठा स्वतंत्र संच, म्हणजे अबोल्यांची टोळी, शोधायचं ते कटकटीचं काम पॉलिनॉमियल वेळात होतं. वजनं लावलीत तरी होतं. कारण सोपं आहे: कुठल्याही पिशवीतून स्वतंत्र संचाचे फार तर तेवढेच जण येऊ शकतात, मग सगळ्या शक्यता तपासून बघायला कितीसा वेळ लागणार? पिशवी कितीही फुगलेली असू दे.

आता नातं बघा. धाकटी मर्यादेत असेल, तर थोरली आपोआप क्लिकच्या मुठीत येते. का, तर रॅम्सेमुळे. पिशवी फार मोठी झाली की तिच्यात एकतर सगळ्यांची ओळख असलेली मोठी टोळी सापडणार, नाहीतर अबोला असलेली मोठी टोळी. दुसरी धाकटीनं अडवली, पहिली क्लिकनं अडवली, मग पिशवी वाढणार कुठे? त्रिकोण नसलेला ग्राफ घ्या, धाकटी २वर आहे म्हणा. सहा जण जमले की त्यात तिघांची टोळी कुठली तरी निघतेच, तेव्हा पिशवीत पाचपेक्षा जास्त नाहीत, म्हणजे थोरली फार तर ४. आणि रंगवालीसुद्धा यात कामाला येते, कारण क्लिक तिच्या आकड्यापेक्षा मोठी असूच शकत नाही. धाकटी आणि रंगवाली दोघी मर्यादेत, म्हणजे थोरली मर्यादेत. मात्र सावध राहा हं. लोक पटकन म्हणतात, एका पिशवीतली डोकी म्हणजे फार तर रंग गुणिले अबोला, तेव्हा दोघींचे आकडे गुणले की थोरली हाती येते. पिशवी एकच असेल तर खरं आहे. पण धाकटीनं लावलेल्या पिशव्या आणि रंगवालीनं लावलेल्या पिशव्या एकच असतील असं कुणी सांगितलंय? दोघी आपापलं झाड घेऊन बसल्या असतील तर कुणाची पिशवी कुणाशी गुणणार?

तर काय सांगत होते… हां, उलट दिशा! सगळ्यांची आस तीच. थोरली क्लिकच्या मुठीत असेल, तर धाकटी मर्यादेत असणार का? कोपरवाल्यांचा तसा अंदाज होता, आणि अंदाज हवेत केलेला नव्हता हं. एकच ग्राफ निषिद्ध ठरवायचा, सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी: उपग्राफ म्हणून, मायनर म्हणून, टोपोलॉजिकल मायनर म्हणून, आणि तिन्हींचे इंड्यूस्ड प्रकार. सहाही तऱ्हांत बरोबर निघालं! पाच बिंदूंच्या पूर्ण ग्राफमधून एक कड काढून तो इंड्यूस्ड मायनर म्हणून बंद केला, किंवा चार आऱ्यांचं चाक बंद केलं, तर प्रत्येक पिशवी म्हणजे एक क्लिक आणि वर फार तर तीन बिंदू. दोन आणि क्यूचा पूर्ण द्विभाजित ग्राफ बंद केला, तर धाकटी फार तर क्यू वजा एकच्या दुप्पट. इतकी नीटनेटकी उत्तरं आल्यावर कुणाला शंका येणार? मलासुद्धा वाटलं होतं, आता फक्त तारीख काढायची बाकी.

आणि मग ते चाक! चाकाची कुरबुर तशी जुनीच. सिंतियारी आणि त्रोतिन्यों यांचं ‘लेयर्ड व्हील’, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाटा, आणि वरच्या थरातला बिंदू खालच्या थरात ठिकठिकाणी कडा टाकत जातो. २०२१मध्ये त्यांनी त्याच चाकानं एक धक्का दिला होता. सम लांबीचं भोक, म्हणजे मधून कड न जाणारं वर्तुळ, नसलेले ग्राफ, त्यात त्रिकोण बंद केला तर ट्रीविड्थ ५च्या वर जात नाही, हे माहीत होतं. लोक म्हणाले, त्रिकोणाऐवजी चारांची क्लिक बंद करू, थोडी वाढेल इतकंच. थोडी कुठली! मर्यादाच उरली नाही. चाकं हवी तेवढी मोठी, थोरली हवी तेवढी वर. तेव्हाच धाकटीच्या माणसांनी सावध व्हायला हवं होतं, असं आपलं माझं मत.

पण झालं ते झालं. २०२४मध्ये चुडनोव्स्की आणि त्रोतिन्यों यांनी त्याच चाकाचे नवे प्रकार घडवले. त्यांत थोरली क्लिकच्या मुठीत, शब्दाला पक्की, आणि धाकटी? अमर्याद! अबोल्यांची टोळी हवी तेवढी. अंदाज संपला. आणि एवढ्यावर थांबले नाहीत हो. धाकटी मर्यादेत असली की क्लिकच्या आकड्यावरून थोरलीचा अंदाज पॉलिनॉमियलमध्ये बांधता येतो, म्हणून लोकांना वाटत होतं की क्लिकच्या मुठीतली प्रत्येक थोरली अशीच सौम्य असणार. तेही गेलं. त्या चाकांत थोरली क्लिकवरून कितीही वेगानं वाढवता येते, तुम्ही म्हणाल तितक्या वेगानं. एकाच दमात दोन पत्रिका फाडल्या. क्लिक आपली तिथेच, थोरली तिच्याच मुठीत, आणि धाकटी मधल्या दारात उभी राहून दोघींकडे बघतेय. चेहरा पाहवत नव्हता हो.

बरं, धाकटीचं स्वतःचंही कुठे सुरळीत आहे? तिचा आकडा ४ किंवा त्याच्या आत आहे का, हे ठरवणंसुद्धा एनपी-हार्ड निघालं. ४ आणि पुढचा प्रत्येक ठरलेला आकडा. दालार, फोमिन, गोलोवाच, कोरहोनेन आणि मिलानिच यांनीच सिद्ध केलं, आणि त्याच लेखात आठपटीच्या आत तिच्या पिशव्या शोधायची रीतही दिली. थोरलीचं तसं नाही. तिच्यासाठी ठरलेला आकडा घेतला, की बोडलेंडर यांची रेषीय वेळेची रीत १९९६पासून छापून पडलीये. फक्त वापरायला जाल तर त्यातला स्थिरांक बघूनच परत याल. पण कागदावर रेषीय.

क्लिकविड्थ मध्ये पडली नाही का? अहो ती शेजारच्या गल्लीतली, पिशव्या टांगणाऱ्यांतली नाहीच. द्विभाजित पन्नास-पन्नासवर धाकटी हैराण होते, तिथे हिचा आकडा २. आणि कॉर्डल ग्राफवर धाकटी १वर, तिथे हिला मर्यादाच नाही. दोघींचं कुठेच जमत नाही, म्हणून एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. थोरलीचा मात्र हिच्यावर वचक आहे, पण वचकही कसला, दोनाच्या घातानं वाढणारा, आणि घात थोरलीच्या आकड्याएवढा. कॉर्नील आणि रोटिक्स यांनी दाखवून ठेवलंय, की घातांकी वाढ खरीच होते, कमी करून मिळायची नाही.

अहो, आणि जाता जाता एक राहिलंच. ब्रँचविड्थ! तीसुद्धा थोरलीच्या इतकी जवळची, की एकीचा आकडा कळला की दुसरीचा, थोरलीचं ते ‘अधिक एक’ धरून, दीडपटीच्या आत येतो. आता कागदावर कडा न छेदता काढता येणारा ग्राफ घ्या, प्लेनर हो. ब्रँचविड्थचा आकडा तिथे पॉलिनॉमियल वेळात अचूक निघतो, सेमूर आणि थॉमस यांनी १९९४मध्येच रीत दिली. आणि थोरली? जिच्या नावावर हे सगळं घराणं चालतं, तिचा अचूक आकडा प्लेनर ग्राफवर पॉलिनॉमियल वेळात निघतो का, की तेही एनपी-हार्ड, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. हो म्हणायला कुणी तयार नाही, नाही म्हणायलाही नाही. आणि ब्रँचविड्थ तिच्या शेजारी बसून रोज आपला आकडा मोठ्यानं वाचून दाखवते. कुणीतरी बोलायला हवं ना तिला?